आत्यांच्या फोनचा विमा

"विमा नको," आत्या म्हणाल्या.

धैर्यशीलने पाकीट काढलंच होतं. दुकानदार काउंटरवर दोन रंगीत पत्रकं पसरून समजावत होता. फोन पडला, फुटला, भिजला, काहीही झालं तरी कंपनी दुरुस्त करून देणार. दुरुस्त होण्यासारखा नसेल तर नवा देणार. फोन वीस हजारांचा, विमा वर्षाला अठराशेचा. आत्यांनी त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढे दोनच शब्द बोलल्या.

"अगं आई, हातातून पडला तर?"

"पडला तर पडला."

"आणि पाण्यात गेला तर?"

"गेला तर गेला. परत कशाला यायला पाहिजे?"

दुकानदार हसला. मीही हसले. आत्या हसल्या नव्हत्या, हे मला फार नंतर आठवलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती पिसाळ. आमच्याकडे कराड भागात सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. माझं लग्न होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि या बाईच्या मनात काय चाललंय ते आपल्याला बऱ्यापैकी कळतं, असा माझा समज होता.

माझा नवरा धैर्यशील साखर कारखान्यात केमिस्ट. नाव धैर्यशील, पण जगातल्या यच्चयावत गोष्टींची धास्ती बाळगणारा माणूस. आमच्या घरी गाडीचा विमा होता, घराचा होता, घरातल्या सामानाचा वेगळा होता. फ्रिजची वॉरंटी वाढवलेली होती, आणि हे सांगताना आजही मला संकोच वाटतो, इस्त्रीचीसुद्धा. पूर्वी तो असा नव्हता म्हणे. त्याचे वडील एका सकाळी चहा पिऊन अंगणात झाडांना पाणी घालायला गेले आणि पाइप हातात असतानाच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून धैर्यशीलला कुठल्याही गोष्टीची खात्री वाटेना. आईसाठी हा फोन घेण्यामागेही तेच होतं. त्यात तो एक सोय करून घेणार होता, की आई कुठे आहे ते त्याला कारखान्यात बसून नकाशावर दिसेल.

"विम्याचं तू ठरव," तो मला म्हणाला. "तू स्टॅटिस्टिक्स शिकवतेस. हिशेब करून सांग, घेण्यात अर्थ आहे की नाही."

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात पंखा कुठला घ्यायचा इथपासून सगळे निवाडे माझ्याकडे येत. आत्यांसमोर मी त्याला अहो-जाहो करत असे, म्हणून अत्यंत आदराने म्हटलं, "बघते हं." दुकानदारानेही सांगितलं, की आठ-दहा दिवसांत कळवलं तरी चालेल.

हिशेब तसा सोपा होता. फोन मोडण्याची शक्यता किती, ते एकदा कळलं की झालं. आणि आत्यांच्या हातून काही मोडण्याची शक्यता जवळपास शून्य होती. त्यांच्या लग्नात आलेल्या चिनी मातीच्या कपबश्या अजून सगळ्या शाबूत होत्या, कानासकट. फोन घरी आल्यावर त्यांनी त्याला लोकरीची पिशवी विणली, पिशवीला नाडी लावली आणि तो देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला. इतक्या बेताने हाताळली जाणारी वस्तू फुटणार कशी? अठराशे रुपये वाचले, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. फक्त धैर्यशीलला लगेच सांगितलं नाही. आठवडाभर निरीक्षण केल्याचं दाखवलं, की माझ्या निर्णयाला वजन येत असे.

तिकडे धैर्यशील नकाशावर खूश होता. दुपारी कारखान्यातून मला फोन करून सांगायचा, आई देवळात आहे. दत्ताच्या देवळात बायकांचं भजनी मंडळ दुपारी जमायचं. आत्या जेवण आटोपून जायच्या आणि संध्याकाळच्या चहाला परत यायच्या. तेवढा वेळ नकाशावरचा निळा ठिपका देवळात गप्प बसलेला असायचा.

"बघ, किती रमलीय ती भजनात," तो म्हणायचा. मला जरा नवल वाटायचं. आत्यांचा गळा त्यांना स्वतःलाही माहीत होता. आरतीच्या वेळी त्या नुसते ओठ हलवत असत.

मग एका दुपारी परीक्षेचं काम लवकर संपलं आणि मी घरी आले, तर दाराला कुलूप. माझी किल्ली सकाळी घाईत घरातच राहिलेली. मी आत्यांना फोन लावला. बऱ्याच वेळाने कोणीतरी उचलला. मागे टाळ वाजत होते.

"कोण?" पलीकडून दबका आवाज आला. मंडळात पेटी वाजवणाऱ्या शकुंतलाबाईंचा होता तो.

मी माझं नाव सांगितलं आणि आत्यांना द्या म्हटलं.

"इंदूताई नाहीत."

"अहो, पण त्यांचा फोन तर तुमच्याकडे आहे."

"हो, फोन आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "फोन रोज येतो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. घाईघाईने म्हणाल्या, पेटी सुरू करायचीय, आणि फोन ठेवून दिला.

मी पायरीवर बसून राहिले. आत्या नेहमीच्या वेळी आल्या, खांद्याला लोकरीची पिशवी अडकवून. मी विचारलं, भजन कसं झालं? त्या म्हणाल्या, आज छान झालं म्हणे. ते 'म्हणे' मी ऐकलं आणि सोडून दिलं. धैर्यशीलला काही सांगितलं नाही. सांगायला माझ्याजवळ तरी काय होतं? शिवाय खरं सांगायचं तर मला मजा वाटू लागली होती. ज्या बाईने आयुष्यात कपाचा कान मोडला नव्हता, ती रोज दुपारी वीस हजारांचा फोन देवळात भजनाला बसवून स्वतः पसार होत होती. विम्याचा हिशेब मात्र आता नव्याने करणं भाग होतं. दुपारभर तो फोन टाळ कुटणाऱ्या बायकांच्या घोळक्यात पडून असायचा.

दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाई भाचीच्या बारशाला सांगलीला गेल्या होत्या, हे मला गल्लीतच कळलं. म्हणजे आज फोन सांभाळायला कोणी नव्हतं. आत्या तरीही बाहेर पडल्या. हातात कापडी पिशवी आणि तिच्यात स्टीलचा एक चौकोनी डबा. मी स्कूटर काढून बरंच अंतर ठेवून मागे निघाले. देवळाकडे वळायच्या कोपऱ्यावर आत्या वळल्याच नाहीत. सरळ स्टँडपर्यंत गेल्या आणि ओगलेवाडीच्या वडापमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या शेअर जीपमध्ये, ड्रायव्हरशेजारची जागा पकडून बसल्या. ड्रायव्हरने त्यांना नमस्कार केला. रोजच्या गिऱ्हाइकाला करतात तसा.

ओगलेवाडी म्हटल्यावर मला पुढचं सगळं कळलं.

तिथे आत्यांच्या थोरल्या जाऊबाई राहत, रत्नप्रभा. आत्या त्यांना अक्का म्हणत. दोघींची लग्नं एकाच मांडवात, एकाच दिवशी झालेली, दोन सख्ख्या भावांशी. वीसेक वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला. धैर्यशीलला अंघोळ घालणं, शाळेत सोडणं, मारणं आणि मग जवळ घेणं, हे सगळं अक्कांनी केलेलं. तो त्यांना मोठी आई म्हणायचा आणि चुलत्यांना मोठे बाबा. पुढे दोन घरं झाली, तीही प्रेमाने. मग ओगलेवाडीच्या सामाईक जमिनीत बोअर मारलं, त्याला भरपूर पाणी लागलं आणि त्या पाण्यावरून दोघे भाऊ कोर्टात गेले. एकमेकांकडे जाणं-येणं बंद झालं. धैर्यशीलचे वडील गेले त्या दिवशी मोठे बाबा आमच्या फाटकापर्यंत आले होते. धैर्यशील बाहेर जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलला आणि ते फाटकातूनच परत गेले. पुढच्या वर्षी तेही वारले. आमच्या घरातून कोणी गेलं नाही. धैर्यशीलने सांगून ठेवलं होतं, त्या घराचं नाव इथे काढायचं नाही. आत्यांनी नाव काढलं नव्हतं, हे मात्र अगदी खरं.

मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. मागच्या पडवीत दोघी जावा कुरडयांच्या पसाऱ्यात बसल्या होत्या. भिजवून वाटलेल्या गव्हाचा पांढराशुभ्र चीक दोन मोठ्या पातेल्यांत तयार होता. एकातला शिजवून झाला होता, दुसऱ्यातला अजून कच्चा, दाट ताकासारखा. आत्यांचे हात कोपरापर्यंत माखलेले. मला दारात पाहून त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

"ये," म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. कोपऱ्यावर तुझी स्कूटर दिसली."

अक्कांना मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. एका डोळ्याला कमी दिसायचं, म्हणून मान जरा कलती करून बघायच्या. त्यांनी कोण कुठली काही विचारलं नाही. वाटीत शिजलेला गरम चीक घेतला, त्यावर दूध-साखर घातली आणि माझ्या हातात दिली. मग मोडा घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि धैर्यशीलबद्दल विचारत राहिल्या. अजून दह्यावरची साय आधी खातो का. सर्दी झाली की अजून कान दुखतो का. ही सून माझ्याकडे आता येत राहणार, असं त्यांनी गृहीतच धरलेलं दिसलं. मी आपली चीक खात उत्तरं देत होते. रुचकर होता.

"आता तू सांगणार का त्याला?" आत्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हीच का नाही सांगत?

"सांगितलं तर तो नको म्हणेल. मग मला यायचं तर त्याचं मोडून यावं लागेल. न सांगता येते, तर निदान त्याचं काही मोडत तरी नाही." त्यांनी हात पुसले आणि पिशवीतून तो स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. आत लोकरीच्या पिशवीत फोन. "बरं झालं आलीस. मला एक सांग, डब्यात घातल्यावर हा कुठे आहे ते कळत नाही ना?"

मी म्हटलं, "आत्या, कळतं."

"स्टीलच्या डब्यात?"

"कशातही घाला."

आत्यांनी फोन बाहेर काढून हातात घेतला आणि तो वाजायला लागला. पडद्यावर धैर्यशीलचं नाव आणि त्याचा फोटो. व्हिडिओ कॉल होता. आईला ते नीट जमतं का हे बघायचंय, असं तो दोन दिवस घोकत होता. उचलला, तर मागे पडवी दिसणार, पसारा दिसणार आणि मोडा घेऊन बसलेल्या अक्का दिसणार. नाही उचलला, तर तो नकाशा उघडणार.

अक्कांचा चेहरा मला आठवतो. त्या पडद्यावरच्या फोटोकडे मान कलती करून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. तेवढ्यात माझ्या बाजूला गुडुप असा आवाज झाला. वळून पाहिलं, तर आत्यांचे दोन्ही हात रिकामे आणि कच्च्या चिकाच्या पातेल्यातून बुडबुडे येत होते. चिकाच्या आतून फोन अजून वाजत होता, गुळण्या केल्यासारखा. मग थांबला.

बुडबुडे विरेपर्यंत आम्ही तिघी पातेल्यात बघत होतो. शेवटी अक्काच म्हणाल्या, "इंदू, सगळा चीक गेला गं."

"परत करू," आत्या म्हणाल्या. "गहू मी आणते."

मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण त्या रडत नव्हत्या. अक्काही हसायला लागल्या आणि मग माझ्याच्याने वाटी धरवेना.

घरी परतताना आम्ही धैर्यशीलला काय सांगायचं ते ठरवलं. आत्यांचा खोटं बोलायला सक्त नकार होता. त्यामुळे आम्ही खरंच सांगायचं ठरवलं, फक्त थोडं कमी. संध्याकाळी तो आला आणि फोन का लागत नाही, नकाशावरचा ठिपका कुठे गेला म्हणून विचारू लागला, तेव्हा आत्या म्हणाल्या, "पातेल्यात गेला." मी म्हटलं, हो, मोठ्या पातेल्यात. यात खोटं काहीच नव्हतं. गावाचं नाव तेवढं राहिलं.

तो चिडेल, असं मला वाटलं होतं. विमा घेऊ नये, हे माझं मत त्याला कळवायचं राहिलं होतं, पण मी तेच म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. तर तो उठला. आत गेला, कपाट उघडलं आणि एक घडी केलेला कागद घेऊन बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नाच्या फोटोतही पाहिला नव्हता.

"त्याच दिवशी घेतला होता," तो म्हणाला. "तुम्ही दोघी गाडीत बसलात तेव्हा."

समजून घ्या. या माणसाने वर्षानुवर्षं कशाकशाचे हप्ते भरले होते आणि त्याची एकही वस्तू कधी मोडली नव्हती. इस्त्री तर अजून चालते. आज पहिल्यांदा काहीतरी विम्याच्या तावडीत सापडलं होतं. त्याने मला जेवताना दोनदा ऐकवलं, की शक्यता शून्य असली तरी शून्य नसते. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बायकोला हे ऐकवायची संधी त्याने बरीच वर्षं जपून ठेवली असणार. मी मान खाली घालून भात कालवत होते. आत्या त्याच्या पानात साय वाढत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्याने फोन सर्व्हिस सेंटरला दिला. तिथला माणूस म्हणाला, फोन पाण्यात गेलेला दिसत नाही, आत काहीतरी पांढरं वाळून घट्ट बसलंय. धैर्यशीलने त्यातलं चिमूटभर नखाने खरवडून पाहिलं. केमिस्टच तो. संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला, हा स्टार्च आहे, आपल्या घरात एवढा स्टार्च आला कुठून? मी म्हटलं, आत्यांना विचारा. आत्या म्हणाल्या, "पातेल्यात होता." त्यावर तो हात धुवायला गेला. विमा मिळेपर्यंत त्याला फार खोलात जायचं नसावं.

मग कंपनीचा फोन आला. रविवारची सकाळ होती आणि आम्ही तिघेही चहाला बसलो होतो. एका मुलीचा आवाज. गोड बोलत होती. नियमाप्रमाणे फोन वापरणाऱ्या व्यक्तीशी बोलून खात्री करायची आहे, दोन मिनिटांचं काम आहे. धैर्यशीलने स्पीकर लावला आणि फोन आईसमोर टेबलावर ठेवला. हाताने खूण केली, हो म्हण.

मुलीने नाव विचारलं, आत्यांनी सांगितलं. मग तिने विचारलं, "मॅडम, तुमचा फोन चुकून द्रवपदार्थात पडला, अशी नोंद आहे. बरोबर आहे ना?"

आत्यांनी कप खाली ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "पडला नाही. मी सोडला."

धैर्यशीलची मान वर झाली. माझीही. तो निसटला असेल, अशी समजूत मी स्वतःची घालून घेतली होती. दुसरी शक्यता मी मोजलीच नव्हती.

पलीकडची मुलगी बिचारी चांगली होती. "मॅडम, म्हणजे हातातून निसटला का?"

"निसटला नाही, बाई. दोन बोटांत धरला आणि सोडला."

"मॅडम, मी इथे निसटला असं लिहिते. हात ओले असतील तुमचे."

"हात मी पुसले होते. तू निसटला लिहिलंस आणि उद्या कोणी विचारलं, तर तुला त्रास. सोडला असंच लिही."

"आई," धैर्यशील म्हणाला. एवढंच. मग जरा वेळाने, "का?"

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"तुझा फोन आला होता म्हणून. उचलला असता तर तुला मोठी आई दिसली असती. मी ओगलेवाडीला होते. रोज जाते. तुझे मोठे बाबा गेल्यापासून जाते. तिला एका डोळ्याने दिसत नाही आणि घरात दुसरं माणूस नाही. तू नको म्हणशील म्हणून तुला विचारलं नाही. पण तू तर फोन घेतलास, आणि तोही विमा काढून. म्हणजे बुडवला तरी परत येणारा."

टेबलावरून आवाज आला, "मॅडम, तुम्ही लाइनवर आहात ना?"

धैर्यशीलने फोन उचलला. आमचा काही दावा नाही, नोंद रद्द करा, असं सांगितलं. मुलीने त्याला अजून काही मदत हवी आहे का विचारलं. तो नाही म्हणाला आणि धन्यवादही म्हणाला. मग चहा तसाच ठेवून गच्चीत गेला.

पुढचे चार-पाच दिवस घरात फार कमी बोलणं झालं. आत्या दुपारी जेवण आटोपून निघायच्या, आता देवळाकडे न वळता, सरळ स्टँडवर. धैर्यशील त्यांना अडवत नव्हता, विचारतही नव्हता. एकदा फक्त मला म्हणाला, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. मला वाटलं आता भांडण होणार. तर त्याने वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडली आणि विचारलं, "मोठी आई कशी आहे?"

मी सांगितलं. डोळ्याचं सांगितलं. साय आणि कानदुखीबद्दल विचारत होत्या, तेही सांगितलं. तो वर्तमानपत्रात बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी फाटकात मोठे बाबा रडत होते. मी म्हणालो, आता कशाला आलात." आणि त्याने पान उलटलं. 

पुढच्या रविवारी आत्या गव्हाची पिशवी घेऊन निघाल्या. अक्कांनी चीक आधीच करून ठेवला होता, हे गहू बुडालेल्या चिकाची भरपाई म्हणून. धैर्यशीलने गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, पिशवी जड आहे, मी सोडतो. मी मागे बसले. रस्ताभर तो ऊस, पाऊस, रस्त्यावरचे खड्डे यांच्याबद्दल बोलला. ओगलेवाडीला घरासमोर गाडी थांबवली आणि म्हणाला, "तुम्ही या जाऊन. मी इथेच थांबतो."

मे महिना होता. डोक्यावर ऊन आलेलं. आम्ही दोघी जिन्याने गच्चीत गेलो. अक्कांनी शिजवलेला चीक वर आणून ठेवला होता आणि प्लास्टिकचा कागद अंथरला होता. कठड्यावरून त्यांनी खाली पाहिलं, मान कलती करून, बराच वेळ.

"गाडीत कोण आहे, इंदू?"

"धैर्या."

"काचा बंद करून बसलाय. शिजेल तो." मग कठड्यावर वाकून त्यांनी हाक मारली. हाक म्हणजे, लहानपणी त्याला खेळातून घरी बोलावताना मारत असतील तशी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. "धैर्या, वर ये. सोऱ्या फिरवायला माणूस हवाय."

गाडीचं दार उघडायला वेळ लागला. मग जिन्यावर पावलं वाजली. तो वर आला आणि अक्कांसमोर उभा राहिला. बोलायला सुरुवात केली, "मोठी आई, त्या दिवशी मोठे बाबा फाटकात—"

"आधी हाताला तेल लाव," अक्का म्हणाल्या. "आणि चपला काढ, कागदावर येऊ नकोस."

त्याने हाताला तेल लावलं. अक्कांनी सोऱ्यात गरम चीक भरून त्याच्या हातात दिला. गरम चिकाचा सोऱ्या दाबायला ताकद लागते. एरवी उसाचा रस तपासणारे ते हात पाचव्या कुरडईला भरून आले. त्याच्या कुरडया गोल होत नव्हत्या. एक लांबट, एकीचं टोक निघून गेलेलं, एकीचा नुसता गोळा. आत्या आणि अक्का एकमेकींकडे बघत नव्हत्या, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. तो मान खाली घालून दाबत राहिला आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत राहिले. कोणी त्याला थांब म्हटलं नाही.

सगळा चीक संपल्यावर अक्कांनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो पीत असताना, जणू काही हवेबद्दल सांगावं तसं म्हणाल्या, "तुझ्या मोठ्या बाबांनी तुझ्यावर राग धरला नव्हता. बोअरवर धरला होता. शेवटपर्यंत त्याचं पाणी प्यायले नाहीत, शेजाऱ्याकडून आणायचे."

धैर्यशीलने तांब्या खाली ठेवला आणि कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. अक्का उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याही पलीकडच्या शेताकडे बघत राहिल्या. आत्यांनी मला खुणेने खाली नेलं. चहा टाकायचा होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अक्का मधल्या काळात आमच्याकडेच राहायला आल्या आणि पडवीतला पसारा आमच्या गच्चीत आला. आत्यांकडे बटणांचा साधा फोन असतो. तो त्या घरी विसरून जातात आणि कोणी काही म्हणत नाही.

धैर्यशीलच्या त्या पहिल्या कुरडया आम्ही त्याच वर्षी श्रावणात तळल्या. वाकड्यातिकड्या, कुठे जाड कुठे पातळ. तेलात सगळ्यांत छान त्याच फुलल्या, असं तो अजून पाहुण्यांना सांगतो. आत्या म्हणतात, हो. अक्का म्हणतात, हो. मीही मान हलवते. वाढताना आम्ही त्याच्या पानात अक्कांच्या हातच्या घातल्या होत्या, हे आम्ही तिघींनी त्याला अजून सांगितलेलं नाही.